ट्रॅक्टरपुढे चालणारा माणूस

(दृश्य: पांझरा नदीवरचा जुना बंधारा, पाटातून वाहणारं पाणी)

नियम पाळले जातात की नाही हे बघणारा माणूस खान्देशाला नवा नाही. पांझरेच्या काठी फड बागाईत शेकडो वर्षं चालत आली. बंधाऱ्यातून पाट निघायचा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं असं ठरायचं. कोणाच्या वावरात पाणी कधी आणि किती सोडायचं ते पाटकरी बघायचा. जागल्या पिकाची राखण करायचा. त्यांच्यावर देखरेखीला हवालदार असायचा. नियम शेतकऱ्यांनीच बसून केलेले, आणि ते राबवणाऱ्यांचा मेहनतानाही शेतकरीच द्यायचे. पाटकऱ्यावर कोणी चिडलं, तर ज्यांनी नियम केला ती मंडळी त्याच गावात होती.

(दृश्य: जळगाव, फुले मार्केटचा परिसर. लोटगाड्या, दुचाक्या, गर्दी)

शहरात हे काम नगरपालिकेकडे आणि महापालिकेकडे गेलं. जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिका २००३ सालच्या. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार, शहादा इथे नगरपरिषदा आहेत. प्रत्येक ठिकाणी नियम राबवणारा कोणीतरी आहे. कागदावर तो आरोग्य निरीक्षक असतो, स्वच्छता निरीक्षक असतो, कुठे अतिक्रमण विभागातला लिपिक असतो. रस्त्यावर मात्र सगळे त्याला एकाच नावाने ओळखतात: ‘अतिक्रमणवाला’. त्याच्या हातात पावती पुस्तक असतं, मागे चार मजूर असतात आणि त्यांच्या मागे ट्रॅक्टर.

तो चौकात दिसला की निरोप त्याच्या पुढे धावतो. लोटगाड्या गल्लीत शिरतात. जिला पळता येत नाही, ती वांग्यांच्या ढिगामागे तशीच बसून राहते. भरताच्या वांग्यांचा हंगाम हिवाळ्याचा, चार पैसे मिळतात ते याच दिवसांत. ती अहिराणीत विचारते, “साहेब, आते मी कथा जाऊ?” म्हणजे, आता मी कुठे जाऊ?

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. ते उत्तर त्या निरीक्षकाला कोणी शिकवलं आहे का, आणि ते शिकवणारी त्याच्या व्यवसायाची संघटना का हवी, हे आम्हाला या माहितीपटात विचारायचं आहे.

(दृश्य: टेबलावर कायद्याची पुस्तकं, नोटिसांचे नमुने, शिक्के)

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा. त्याचं कलम २३१ आयुक्तांना रस्त्यावर मांडलेली वस्तू किंवा टपरी नोटिशीशिवाय हटवण्याचा अधिकार देतं. पथकातल्या बहुतेकांना कामावर आल्यावर पहिल्यांदा ऐकू येतं ते हेच कलम. पण २०१४ साली पथविक्रेत्यांचा स्वतंत्र कायदा आला. त्यात शहर फेरीवाला समिती आहे आणि समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना आहेत. विक्रेत्यांचं सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे. जागा बदलायची किंवा उठवायचं तर ३० दिवसांची नोटीस आहे. माल जप्त केला तर त्याची यादी करून प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल, म्हणजे आपली केळी, वांगी, मेहरूणची बोरं, विक्रेत्याने मागणी केल्यावर त्याच दिवशी परत करायचा. इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत.

यादी न करता ट्रॅक्टरमध्ये फेकलेल्या केळीच्या घडासाठी त्या विक्रेत्याने दाद मागितली, तर उत्तर द्यायला कोण उभा राहतो? वरून तोंडी आदेश देणारे साहेब नव्हे. पावतीवर ज्याची सही आहे तो.

बांधकामाच्या बाबतीत जबाबदारी आणखी वाढली आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामासाठी देशभर लागू होणारे निर्देश दिले. किमान १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने, शिवाय बांधकामावर चिकटवलेली. मग प्रत्यक्ष सुनावणी, सुनावणीचं इतिवृत्त, कारणांसह अंतिम आदेश, पाडकामाचं चित्रीकरण. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे आधी जागा कोणत्या प्रकारात बसते हे ओळखता आलं पाहिजे. आणि निर्देश मोडले, तर पाडलेलं पुन्हा उभारून देण्याचा खर्च अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून, वर नुकसानभरपाई. निरीक्षकाच्या पगारावर घर चालतं, मुलांची फी भरली जाते. त्या पगारावर ही टांगती तलवार आहे, आणि ती न्यायालयाने विनाकारण टांगलेली नाही. लोकांची घरं पडली होती.

(दृश्य: दुकानाच्या गल्ल्याजवळ पातळ पिशव्यांचा गठ्ठा)

प्लास्टिकचंही तसंच. २०१८ च्या बंदीनंतर पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. भाजीवाल्याची दिवसाची विक्रीही तेवढी होत नाही. पावती फाडायची तर समोरचा माणूस रडतो किंवा अंगावर येतो. नाही फाडली तर संध्याकाळी कार्यालयात विचारणा होते.

अंगावर येण्याची गोष्ट हलकी नाही. ३० ऑगस्ट २०२१ रोजी ठाण्यात फेरीवाल्यांवर कारवाई सुरू असताना एका महिला सहाय्यक आयुक्तांवर चाकूने वार झाला. त्यांची बोटं तुटली. सोबतच्या अंगरक्षकालाही इजा झाली. सरकारी नोकराला कामात रोखण्यासाठी हल्ला केला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. पण कोर्टात गुन्हा टिकायचा तर तो माणूस त्या दिवशी अधिकृत कर्तव्यावर होता हे कागदाने दाखवावं लागतं. आयुक्तांचे अधिकार खालच्या अधिकाऱ्याकडे येतात ते महापालिका अधिनियमाच्या कलम ६९ नुसार, लेखी आदेशाने. आपलं नाव कोणत्या आदेशात आहे, हे किती जणांनी पाहिलेलं असतं?

(दृश्य: महापालिकेच्या आवारात गेटजवळ बोलत उभे असलेले कर्मचारी)

“युनियन आहे की आपली,” असं कोणी म्हणेल. आहे, आणि तिचं मोल मोठं आहे. सातवा वेतन आयोग, आकृतिबंध, अनुकंपा, लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगारांच्या वारसांच्या नोकऱ्या, या सगळ्यासाठी युनियन भांडली म्हणून घरं उभी राहिली. पण पंचनामा कसा लिहावा, पंच कोण असावेत, नोटीस घ्यायला नकार दिला तर काय करावं, संतापलेल्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलावं, हे शिकवण्यासाठी युनियन बनलेली नाही. त्याला व्यवसायाची संघटना लागते. डॉक्टरांची असते, वकिलांची असते, अभियंत्यांची असते.

कॅनडात स्थानिक नियम राबवणाऱ्यांना बायलॉ एन्फोर्समेंट ऑफिसर म्हणतात. तिथल्या ओंटारियो प्रांतात अशा अधिकाऱ्यांची स्वतंत्र संघटना आहे. ती प्रशिक्षण देते, परिषदा भरवते, प्रमाणपत्र देते. छोट्या गावात एकटाच काम करणारा अधिकारी तिच्यामुळे दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्याला अडचण विचारू शकतो. आपल्याकडे नवापूर किंवा तळोद्याच्या स्वच्छता निरीक्षकाला याची गरज जास्त आहे. त्याच्या कार्यालयात विधी अधिकारी नसतो, शेजारच्या टेबलावर अनुभवी माणूस नसतो.

शिक्षणाचा पाया आपल्याकडे आहे. १९२६ साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्वच्छता निरीक्षकाची पदविका देते. अनेकजण ती करूनच सेवेत येतात. पण त्यानंतर बदलत गेलेले कायदे, नवे निकाल, हे नोकरीत असताना कोण पोहोचवतं? बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर आलेली अर्धवट पीडीएफ.

(दृश्य: एक बैठक. गोल बसलेली माणसं, मध्ये चहाचे कप)

संघटना करायचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. सेवेतल्या माणसाला वर्तणूक नियम पाळावे लागतात, पण आपल्या व्यवसायाच्या संघटनेचा सभासद होणं ही काही चोरी नव्हे. राज्यपातळीवरची संघटना असेल तर तिच्यात जा. नसेल, किंवा ती खान्देशापर्यंत पोहोचत नसेल, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसं पुरतात. जळगावची दोन, धुळ्याची दोन, भुसावळ, अमळनेर आणि नंदुरबारचं एकेक. एवढी माणसं एका रविवारी एकत्र बसू शकतात.

सभासद होण्याआधी मात्र विचारून घ्या. वर्गणीचा हिशेब सभेत मांडला जातो का? प्रशिक्षण मुंबई-पुण्यातच होतं की धुळ्यालाही? मारहाण झाली तर पोलीस ठाण्यात सोबत कोण येतं, आणि वकील कोण देतं? आणि एक प्रश्न जरा कठीण आहे: सभासदाने पैसे घेऊन गाडी सोडली, किंवा गरिबाचा माल यादी न करता उचलला, तर संघटना त्याला पाठीशी घालते का? घालत असेल, तर प्रामाणिक सभासदाच्या बिल्ल्याचीही किंमत जाते. अशा संघटनेत जाऊ नका, किंवा आत जाऊन तिची घटना बदलून घ्या.

पहिल्या बैठकीसाठी विषयही हाताशी आहे. प्रत्येकाने आपल्या पालिकेतला जप्तीच्या यादीचा छापील नमुना सोबत आणावा. जिथे असा नमुनाच नाही, तिथल्या माणसाने तो त्याच बैठकीत तयार करून घ्यावा, आणि सोमवारी मुख्याधिकाऱ्यांच्या किंवा आयुक्तांच्या सहीसाठी टेबलावर ठेवावा.