स्वेतलाना: कवितेतून उतरलेलं नाव

(दृश्य: बर्फाळ रात्र, लाकडी फाटक)

जानेवारीतली रात्र. मुलींचा घोळका अंगणात जमलाय. एकीनं पायातला बूट काढला आणि फाटकावरून पलीकडे भिरकावला. बुटाचं टोक ज्या दिशेला, तिकडून नवरा येणार!

रशियन कवी वासिली झुकोव्स्कीची 'स्वेतलाना' ही दीर्घ कविता अशाच खेळानं सुरू होते. ती छापून आली १८१३ साली. पुढे स्वेतलाना मध्यरात्री आरशासमोर मेणबत्ती लावून बसते. स्वप्नात दूरदेशी गेलेला प्रियकर प्रेत होऊन दिसतो. सकाळी जागी होते, तर स्वारी धडधाकट परत आलेली.

गंमत अशी, की नित्याच्या वापरात हे नाव तेव्हा नव्हतंच. काही वर्षं आधी अलेक्सांद्र वोस्तोकोव्ह या कवीनं ते आपल्या काव्यात आणलं होतं. कानाला अस्सल जुनं स्लाव्ह वाटावं, पण मुळात घडवलेलं. रशियनमध्ये 'स्वेत' म्हणजे उजेड. आपला 'श्वेत' आणि हा 'स्वेत' एकाच मुळातून आलेले; म्हणजे घरोघरच्या श्वेताची ही लांबची बहीणच.

नाव आवडलं, पण ठेवायचं कसं? बाप्तिस्म्याला संतांच्या यादीतलंच नाव लागायचं, आणि स्वेतलाना नावाची संत कुणी नव्हती. त्यामुळे हे नाव फार तर घरात लाडानं हाक मारण्यापुरतं.

(दृश्य: बंदर, जुनी जहाजं)

मुलींना मिळेना, तेव्हा ते जहाजांना मिळालं. जहाजाला कुठे बाप्तिस्म्याचं नाव लागतं! रशियाच्या पूर्व टोकाच्या व्लादिवोस्तोक बंदरातल्या मुख्य रस्त्याचं 'स्वेतलान्स्काया' हे नाव अशाच एका युद्धनौकेवरून पडलं. याच नावाची पुढची क्रूझर १९०५ मध्ये जपानविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत बुडाली. सेंट पीटर्सबर्गमध्ये विजेचे दिवे बनवणारा कारखानाही 'स्वेतलाना'. दिव्यांना ते शोभलंही.

१९१७ च्या क्रांतीनंतर जन्माची नोंद चर्चकडून सरकारी कचेरीत गेली. मग लोकांनी हौसेनं काय काय नावं ठेवली! ऑक्टोबर क्रांतीवरून ऑक्त्याब्रिना. रशियन अक्षरांत 'लेनिन' उलटं लिहून निनेल. असल्या नावांपुढे स्वेतलाना किती सोपं! १९२६ साली जन्मलेल्या आपल्या मुलीचं नाव स्टालिननं हेच ठेवलं.

तीच स्वेतलाना डिसेंबर १९६६ मध्ये भारतात आली, आपले जोडीदार ब्रजेश सिंग यांच्या अस्थी घेऊन. उत्तर प्रदेशात गंगाकाठच्या कालाकांकरला ती राहिली. मार्च १९६७ मध्ये मॉस्कोला परतायचं सोडून ती दिल्लीत अमेरिकी वकिलातीच्या दारात उभी राहिली.

तोवर सोव्हिएत संघात हे नाव घरोघरी पोचलं होतं. घरात मात्र पूर्ण नाव कुणी घेत नाही. मैत्रिणींची ती स्वेता, आईची स्वेतोच्का. १९८४ मध्ये अंतराळात यानाबाहेर पाऊल टाकणारी पहिली स्त्रीही स्वेतलानाच: स्वेतलाना साविट्स्काया.

आता बारशाची हवा बदलली आहे. नव्या मुली सोफिया नाहीतर मारिया होतात. स्वेतलाना म्हटलं की डोळ्यांपुढे येते शाळेतली बाई, शेजारची मावशी.

(दृश्य: चर्चमधल्या मेणबत्त्या)

यातली एखादी चर्चमध्ये जाते, तेव्हा पाद्री बहुधा तिला दुसऱ्याच नावानं ओळखतो: फोतिनिया. संतांच्या यादीतलं ग्रीक नाव. त्याचाही अर्थ उजेडाचाच.