पर्शियन की सयामी?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला ठाण्याहून माझ्या भाचीचा फोन आला. अवेळी फोन वाजला की आधी पोटात गोळाच येतो. पण ती म्हणाली, "मावशी, पर्शियन घेऊ की सयामी? आत्ताच सांग, विकणारा उद्या सकाळपर्यंतच थांबणार आहे." दोन फोटोही धाडले होते. एकात मांजराचं पिंजलेल्या कापसासारखं पांढरं पिल्लू. दुसऱ्यात सायीच्या रंगाचं, कान, तोंड, पाय नि शेपूट मात्र काजळी धरल्यासारखं काळपट, डोळे निळे.

मी विचारलं, "अगं, तुम्ही दोघं संध्याकाळी घरी किती वाजता येता?"

"त्याचा काय संबंध?"

संबंध आहे, म्हणून तर आज तुमच्याशी बोलायला बसले.

आधी पर्शियन. माझ्याकडे पर्शियन बोका अकरा वर्षं होता, त्यामुळे हे अनुभवाचे बोल. स्वभावाने गरीब, आवाज जवळजवळ नाहीच. दिवसभर सोफ्यावर लोळेल, पण कुणाच्या अंगावर धावून जाणार नाही. मात्र त्याचे केस म्हणजे रोजची नोकरी. स्टीलची फणी घेऊन रोज पंधरा-वीस मिनिटं विंचरायचं. दोन-तीन दिवस चुकलात की काखेत, पोटाखाली जटा होतात. मग त्या कापाव्या लागतात आणि मांजर आठवडाभर तुमच्यावर रुसतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडच्या दमट हवेत या दाट केसांखाली गजकर्ण होतं. ते माणसांनाही लागतं, घरात लहान मूल असेल तर विशेष जपायला हवं.

बाजारात तुम्हाला दोन शब्द ऐकू येतील, 'डॉल फेस' आणि 'पंच फेस'. डॉल फेस म्हणजे थोडं तरी नाक असलेलं. पंच फेस म्हणजे बुक्की मारून चेहरा आत दाबल्यासारखा. या दुसऱ्याचे पैसे जास्त मोजावे लागतात, आणि माझा राग आहे तो इथेच. नाक आखूड झालं की श्वासाची वाट अरुंद होते. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायचं ते गालावरून ओघळतं, रोज पुसावं लागतं. दात एकमेकांवर चढतात. आपला एप्रिल-मे अशा मांजराला फार जड जातो. कुत्रं धापा टाकतं तसं मांजर सहसा टाकत नाही. तोंड उघडून धापा टाकणारं मांजर दिसलं, तर थेट डॉक्टर गाठायचा. आपल्याला गोड दिसतं म्हणून मुद्दाम गुदमरणारा जीव जन्माला घालायचा, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. परदेशांतल्या पाहण्यांत साधारण तीन पर्शियनांत एकाला तो आढळला होता. आई किंवा बाप, एकाकडून दोष आला तरी पुरतो. त्याला कारण असलेला जनुकातला दोष २००४ मध्ये सापडला, आणि आता गालाच्या आतून बोळा फिरवूनही तपासणी होते. म्हणून पिल्लाच्या आईबापांचा अहवाल मागायचा.

गंमत अशी, की नाव पर्शियन असलं तरी या मांजरांची जनुकं तपासली तेव्हा ती युरोपातल्या मांजरांच्याच जवळची निघाली. सतराव्या शतकात पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने पर्शियातल्या, म्हणजे इराणातल्या, खोरासान प्रांतातल्या लांब केसांच्या मांजरांचं वर्णन केलं होतं. आजच्या पर्शियनमध्ये त्यांचा अंश फारसा सापडत नाही.

सयामी मात्र खरोखर सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची. बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने १८८४ मध्ये बहिणीसाठी एक जोडी इंग्लंडला नेली, आणि तिथे या मांजरांचं कौतुक सुरू झालं. सयामीचा रंग हा निसर्गाचा मोठा खेळ आहे. काळा रंग तयार करणारं तिचं रसायन अंगाच्या उबेत काम करत नाही, थंड भागातच करतं. पोटात ऊब असते, म्हणून पिल्लं जन्मतात पांढरी. मग कान, पाय, शेपूट असे गार राहणारे भाग हळूहळू काळे पडतात. माझ्या धाकट्या जावेच्या सयामीचं ऑपरेशन झालं, तेव्हा कुशीवरचे केस भादरले होते. तिथे नवे केस आले ते काळपट! जाऊबाई घाबरून गेल्या, औषधाने भाजलं म्हणाल्या. भाजलं नव्हतं, उघडी कातडी गार पडली होती एवढंच.

सयामीला विंचरायचं काम नाही, आठवड्यातून एकदा ओला हात फिरवला की झालं. पण ती बोलते. आणि बोलते म्हणजे, तान्हं बाळ रडतंय असं वाटून शेजारी दार ठोठावतात. नसबंदी केली नाही आणि माजावर आली, तर अख्खी सोसायटी जागी. तिला माणूस लागतं. ओट्यावर, कपाटावर, तुमच्या खांद्यावर, पायात पायात. एकटी पडली की काही सयामी लोकरीचे कपडे चघळत बसतात. जावेकडच्या दोन स्वेटरांच्या बाह्या अशाच गेल्या.

आता भाचीकडे येते. ती नि जावईबापू सकाळी आठला निघतात, रात्री आठला परततात. म्हटलं, "सयामी एकटी आणून बारा तास कोंडलीस तर पाप लागेल. आणायचीच तर दोन आण, म्हणजे एकमेकींशी भांडतील तरी. पर्शियन तुमच्या वेळेत बसेल, पण डॉल फेसच, आणि रात्री जेवण झाल्यावर फणी कोण धरणार ते आत्ताच ठरवा."

फणी कोण धरणार, यावर त्यांच्याकडे तीन दिवस वाद चालला. दरम्यान तिने त्या विकणाऱ्याकडे आईबापांच्या तपासणीचा अहवाल मागितला, तर त्याने फोनच उचलणं बंद केलं.

एक काम मात्र मी तिच्याकडून लगेच करून घेतलं. फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी बसवून घेतली. मांजर अजून ठरायचंय.

नमस्कार.