खोली क्रमांक ३४२०

[दृश्य : लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना बंद दारं. कॅमेरा सावकाश पुढे.]

लॉस एंजेलिस. इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची, म्हणजे यूसीएलएची, बोल्टर हॉल नावाची इमारत. तिसरा मजला, खोली क्रमांक ३४२०. इंटरनेटची गोष्ट इथून सुरू होते.

[दृश्य : दार उघडतं. कोपऱ्यातलं यंत्र.]

फ्रिजएवढं हे पोलादी कपाट बघा. वरच्या कड्या उचलण्यासाठी आहेत, कारण वजन ४०० किलोंच्या वर. आत हनीवेल कंपनीचा लष्करी बांधणीचा संगणक. पूर्ण नाव इंटरफेस मेसेज प्रोसेसर, पण सगळे म्हणायचे नुसतं ‘इम्प’. १९६९ च्या ऑगस्टअखेर बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने ते विमानाने इथे पाठवलं. तुमच्या घरातल्या राउटरचा हा पणजोबा.

[दृश्य : नोंदवहीचं पान, अगदी जवळून.]

आणि ही त्या खोलीतली नोंदवही. तारीख २९ ऑक्टोबर १९६९, वेळ २२:३०. पुढे एकच ओळ : ‘टॉक्ड टू एसआरआय, होस्ट टू होस्ट.’ एसआरआयशी बोलणं झालं, यंत्राचं यंत्राशी. शेजारी आद्याक्षरं, सी. एस. के. म्हणजे चार्ली क्लाइन, प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांचा विद्यार्थी. त्या रात्रीचा फोटो नाही, ध्वनिफीत नाही. आहे ती एवढीच ओळ.

साडेपाचशे किलोमीटरवर, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच एसआरआयमध्ये, बिल डुव्हाल बसला होता. दोघांच्या कानाला टेलिफोन. क्लाइनला ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करायचा होता. त्याने ‘एल’ दाबलं. आला का? आला. ‘ओ’ दाबलं. आला का? आला. ‘जी’ दाबलं आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं.

[दृश्य : जुन्या टेलिटाइपच्या कळा, एकेक अक्षर उमटताना.]

कारण साधं होतं. ‘एल-ओ-जी’ मिळालं की पुढची अक्षरं स्वतःच जोडून एकदम परत पाठवायची, अशी त्या यंत्राची रीत होती. एका वेळी एवढी अक्षरं येतील हे प्रोग्राममध्ये धरलेलंच नव्हतं. साधारण तासाभरात चूक सुधारली आणि पूर्ण लॉगिन झालं. वर्षअखेरपर्यंत सांता बार्बरा आणि युटा विद्यापीठंही जोडली गेली. चार ठिकाणं. हे आर्पानेट, आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप.

[दृश्य : ॲनिमेशन, पोस्टकार्डं नकाशावरून वेगवेगळ्या वाटांनी जातात.]

यामागची कल्पना पोस्टकार्डांवरून चटकन कळते. मोठं पत्र एकाच लिफाफ्यात न घालता त्याची कार्डं करायची आणि प्रत्येकावर पत्ता नि क्रमांक टाकायचा. मिळेल त्या वाटेने ती जातील, पोचली की क्रमाने लावून घ्यायची. एखादं हरवलं तर तेवढंच परत मागवायचं. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस, दोघांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. संदेशाच्या अशा तुकड्याला ‘पॅकेट’ म्हणतात; हा शब्द डेव्हिस यांचा.

अणुयुद्धात तग धरावी म्हणून आर्पानेट बांधलं, असं सर्रास सांगितलं जातं. बॅरन यांच्या डोक्यात तो विचार होता, हे खरं. आर्पानेटची निकड मात्र वेगळी होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पेंटागॉनमध्ये, आर्पा या सरकारी संस्थेत काम करणाऱ्या बॉब टेलर यांच्या ऑफिसात तीन टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाशी बोलायची यंत्रं होती, तीन ठिकाणच्या तीन संगणकांची. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नसे. महागडे संगणक ठिकठिकाणच्या संशोधकांना वाटून वापरता यावेत, यासाठी सरकारी तिजोरीतून हा पैसा आला. जनतेचा पैसा. हे विसरून चालणार नाही.

[दृश्य : टाइप केलेला कागद. वर क्रमांक १.]

आता या कागदापाशी थोडं थांबू. मला विचाराल तर त्या यंत्रापेक्षा हा मोलाचा आहे.

७ एप्रिल १९६९. यंत्र यायला अजून महिने होते. संगणकांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचे नियम ठरवायचं काम विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडलं होतं. स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ, जॉन पोस्टेल. तिघेही व्हॅन नाइसच्या एकाच हायस्कूलचे. हे टिपण क्रॉकरने लिहिलं, रात्री, न्हाणीघरात बसून, कारण घरात बाकीचे झोपले होते. आपण पोरंटोरं, मोठ्यांच्या आधी नियम सांगतो असं कुणाला वाटू नये, म्हणून त्याने या टिपणांना नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. आपलं मत कळवा. आम्ही ठरवलंय असं नाही. तुम्हाला काय वाटतं ते सांगा. सफाईदार लिहिण्यापेक्षा वेळेवर लिहा, हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं. टिपणांच्या प्रती टपालाने जायच्या आणि वाचणारा त्यात भर घालायचा. आज ही संख्या ९,००० च्या वर गेली आहे, आणि प्रत्येक टिपण कुणालाही फुकट वाचता येतं.

[दृश्य : झाडांखाली लाकडी बाकं, ग्लास, दुपारचं ऊन.]

कॅलिफोर्नियातल्या पोर्टोला व्हॅलीतली ही बिअर गार्डन. २७ ऑगस्ट १९७६ ला एसआरआयची माणसं एक व्हॅन घेऊन इथे आली. अशाच एका टेबलावर त्यांनी टर्मिनल मांडलं आणि वायर व्हॅनपर्यंत ओढली. आठवड्याचा अहवाल रेडिओवरून निघाला आणि आर्पानेटमध्ये शिरला. दोन वेगळी जाळी, मध्ये एक दुवा.

[दृश्य : संग्रहालयात उभी असलेली व्हॅन. आतली जुनी उपकरणं.]

हीच ती व्हॅन. जाळ्यांना जाळी जोडायची रीत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ च्या निबंधात मांडली होती. नोव्हेंबर १९७७ मध्ये रेडिओ, तारा आणि उपग्रह अशा तिन्ही जाळ्यांतून संदेश अटलांटिकपार फिरवून आणला गेला. १ जानेवारी १९८३ ला आर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांनी हीच भाषा घेतली. टीसीपी/आयपी. सर्फ आणि कान यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. ठरवून घेतलं नाही.

[दृश्य : जुहूचा रस्ता, रिक्षा, झाडीमागची इमारत.]

मुंबई, जुहू. तेव्हाच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीची ही इमारत. १९८६ मध्ये सरकारच्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या जाळ्याच्या प्रकल्पात ही संस्था, बंगळूरची आयआयएससी आणि पाच आयआयटी एकत्र आल्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. पुढे बँका, बाजार, शाळा, सातबारासुद्धा या जाळ्यावर आला.

[दृश्य : काळा चौकोनी संगणक. त्यावरची चिठ्ठी.]

त्याआधीचं एक दाखवायचं राहिलं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतलं, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं हे यंत्र. जगातला पहिला वेब सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला वेबपानं पाठवणारा संगणक. चिठ्ठीवर लाल शाईत लिहिलंय : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका.

[दृश्य : कागद. सह्यांवर कॅमेरा थांबतो.]

आणि हा सर्नचा कागद. वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं. कुणाला काही द्यायला नको, परवानगी मागायला नको. तारीख ३० एप्रिल १९९३. खाली दोन संचालकांच्या सह्या.