नांदेड ते अमृतसर: हवेतून, रुळावरून, पायी

(नकाशा. नांदेडपासून अमृतसरपर्यंत ताणलेला दोरा.)

हा दोरा भरतो सुमारे १,४१० किलोमीटर. आपली सचखंड एक्सप्रेस मात्र हीच दोन गावं जोडताना दोन हजारांच्या वर किलोमीटर धावते.

कारण नांदेड सोडल्यावर ती उत्तरेला वळतच नाही. परभणी, जालना, संभाजीनगर करत पश्चिमेला मनमाड गाठते. साडेतीनशे किलोमीटर इथंच सरले. मग भुसावळ, खंडवा, इटारसी आणि भोपाळ. आता नकाशात भोपाळ बघा: नांदेडच्या अगदी डोक्यावर! पश्चिमेला जेवढं गेलो, तेवढं पूर्वेला परत आलो. सरळ वर गेलं असतं तर हे अंतर साडेचारशेच किलोमीटर होतं.

(फलाटावर लंगर वाटणारे हात.)

सकाळी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीच्या सुमारास पोचते. पण या गाडीत कुणी उपाशी राहत नाही. वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी डाळ-भाजीच्या बादल्या घेऊन उभे असतात. भांडं तेवढं आपलं हवं.

२०१७ साली नांदेडहून अमृतसरला थेट विमान सुरू झालं. ही सेवा मधूनमधून खंडित झाली, हे मराठवाड्याचं जुनं दुखणं. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर गणित पावणेदोन तासांचं. वेळापत्रक सांगायचं सव्वादोन ते अडीच. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यात वेळ जातो. दहा हजार फुटांच्या खाली तर वेग ताशी ४६० किलोमीटरच्या आसपासच ठेवावा लागतो. त्यात हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार वारा वाहतो. उत्तरेला निघालेल्या विमानाला तो कडेनं ढकलतो, म्हणून नाक थोडं पश्चिमेला ठेवून उडावं लागतं. आणि पंजाबात धुकं उतरलं, की सगळी गणितं जमिनीवरच थांबतात.

(हिंगोली जिल्हा. नरसी नामदेव.)

या वाटेवर पहिल्यांदा निघालेल्यांकडे यातलं काहीच नव्हतं. नामदेव महाराज तेराव्या-चौदाव्या शतकातले. परंपरा सांगते, ते पायी पंजाबात गेले आणि घुमानला राहिले. नरसी ते घुमान सरळ रेषेत साडेतेराशे किलोमीटर. रोजचे पंचवीस चालले तरी चोपन्न दिवस, आणि पायवाट कधी सरळ नसते. शिवाय कीर्तन करत जाणारा माणूस प्रत्येक गावात थांबणार. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

पुढे उलट दिशेनं गुरू गोविंदसिंगजी दक्षिणेत आले. १७०८ साली नांदेडला, गोदावरीकाठी, त्यांनी देह ठेवला. त्यांच्यासाठी पंजाब आजही इकडे येतो.

(अमृतसर विमानतळ. बाहेर पडणारे प्रवासी.)

इथून घुमान गाडीनं आणखी तासा-दीड तासावर. नरसीहून येणाऱ्यानं तेवढा वेळ हाताशी ठेवावा.