रानटी मिल्कव्हेच: ओळख आणि लागवड

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस कमी, जमीन खडकाळ आणि हवा कोरडी, अशा ठिकाणीही तग धरून फुलणाऱ्या एका रानटी शेंगवर्गीय वनस्पतीविषयी आज बोलायचे आहे. तिला मिल्कव्हेच म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत तिची प्रजाती अ‍ॅस्ट्रागॅलस. या एका प्रजातीत सुमारे ३००० जाती आहेत आणि सपुष्प वनस्पतींमध्ये एवढी मोठी प्रजाती दुसरी नाही. त्यामुळे नुसते फूल पाहून जातीचे नाव सांगण्याची घाई कोणीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम पान पाहावे. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना लहान पर्णिकांच्या जोड्या असतात आणि बहुतेक जातींत टोकाला एकटी पर्णिका असते. त्या टोकाला वेलासारखा ताणा असेल, तर ती मिल्कव्हेच नव्हे. पानांवर पुष्कळदा रुपेरी लव दिसते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ती न्याहाळली, तर काही जातींत प्रत्येक केस मधोमध चिकटलेला आणि दोन्हीकडे हात पसरलेला आढळतो. जाती वेगळ्या करताना या केसांचा फार उपयोग होतो. फूल वाटाण्याच्या फुलासारखे असते. त्याच्या खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीचा आकार होतो आणि या होडीचे टोक साधारणपणे बोथट असते. तिला पुढे बारीक चोच असेल, तर ती ऑक्सिट्रोपिस ही जवळची प्रजाती समजावी.

खरा निर्णय मात्र शेंगेवर होतो. काही शेंगा फुग्यासारख्या फुगतात आणि वाळल्यावर खुळखुळ्यासारख्या वाजतात, काही चपट्या व कागदी असतात, तर काही मांसल. शेंग आडवी कापून पाहावी. पुष्कळ जातींत, बिया ज्या शिवणीला लागतात तिच्या समोरच्या शिवणीकडून एक पातळ पडदा आत शिरतो आणि शेंगेचे दोन कप्पे होऊ लागतात. हे बारकावे टिपणे अत्यावश्यक आहे, कारण काही जाती गुरांना निर्धोक असतात, तर काही घातक. काहींच्या अंगात राहणारी बुरशी स्वेन्सोनीन हे विष तयार करते व ते सतत खाण्यात आले की जनावरांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. काही जाती जमिनीतले सेलेनियम हे मूलद्रव्य शोषून साठवतात आणि तेही जास्त झाले की जनावरांना विषारी ठरते. ओळख पक्की होईपर्यंत ही वनस्पती चाऱ्यात मिसळू नये आणि स्वतःही चाखू नये.

आता लागवड. बी कठीण कवचाचे असते आणि पाणी सहजी आत घेत नाही. निसर्गात त्यामुळेच ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. दोन सँडपेपरांमध्ये बी हलके घासून वरची चकाकी घालवावी आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे. सकाळी फुगलेले बी पेरावे. जे तसेच राहिले ते पुन्हा घासावे. थंड प्रदेशातल्या काही जातींना याखेरीज काही आठवडे ओलसर गारवाही लागतो.

या झाडाचे सोटमूळ झपाट्याने खोल जाते. दुष्काळात तेच त्याला तारते आणि स्थलांतर करताना तेच तुटते. म्हणून बी शक्यतो कायमच्या जागी, सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरावे. कुंडीच वापरायची असेल तर ती उंच हवी. माती वाळू-खडीमिश्रित व निचऱ्याची असावी. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात, तेव्हा नत्रयुक्त खत घालू नये. पहिल्या हंगामात रोप जमिनीवर इवलेसेच दिसते, वाढ खुंटली असे वाटून माणूस पाणी वाढवतो आणि नेमके त्यानेच मूळ कुजते. वरची माती कोरडी होऊ द्यावी आणि मगच पुढचे पाणी द्यावे.