मोसंबीच्या सालीखाली

(दृश्य : लातूरमधील त्वचारोगतज्ज्ञांचा दवाखाना, स्टीलच्या ट्रेमध्ये एक मोसंबी.)

ही जालन्याची मोसंबी आहे आणि डॉक्टरांच्या हातातील सिरिंजमध्ये निळ्या रंगाचे पाणी आहे. घरच्या घरी ओठांत फिलर, म्हणजे ओठ भरीव दिसावेत म्हणून टोचायचे जेल, कसे टोचावे हे शिकवणाऱ्या व्हिडिओंत सरावासाठी असेच एखादे फळ वापरले जाते, म्हणून आम्हीही फळापासूनच सुरुवात केली. सुई सालीत शिरते, दट्ट्या दाबला जातो आणि बाहेरून काहीच कळत नाही. सुरीने दोन भाग केल्यावर मात्र दिसते, की रंगाचा एक ओघळ सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यातून आडवा सरकला आहे आणि दुसरा दोन फोडी ओलांडून थेट बियांपर्यंत पोहोचला आहे.

(दृश्य : वर्तमानपत्रावर उघडलेले पार्सल.)

घरी फिलर टोचण्यासाठी मागवलेल्या या पार्सलमध्ये दोन सिरिंज आणि पेनसारखे एक यंत्र आहे. पेनाला सुई नसते. ते दाबाच्या जोरावर द्रव त्वचेतून आत ढकलते. सुई नाही म्हणजे धोका नाही, या भाबड्या समजुतीवरच ते विकले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा पेनांविरुद्ध लोकांना सावध केले होते.

सिरिंजवर नाव आहे हायलुरोनिक ॲसिडचे. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून वेगळा केला. पुढे तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढला जाऊ लागला आणि आता बहुतांशी जिवाणूंच्या मदतीने तयार होतो. तो आपल्या त्वचेतही असतो, त्यामुळे ‘नैसर्गिक’ हा शब्द जाहिरातीला आयताच मिळतो. पण फिलरसाठी त्याचे रेणू रसायनाने एकमेकांत गुंफून दाट जेल बनवलेले असते, आणि असे जेल रक्तवाहिनीत शिरले की बुचासारखे बसते.

(दृश्य : सहायिकेच्या चेहऱ्यावर लाल पेन्सिलने रेघ काढणारे डॉक्टर.)

ही रेघ चेहऱ्याच्या रोहिणीची, म्हणजे चेहऱ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीची आहे. ती जबड्यावरून वर चढते, ओठांना फांद्या देते, नाकाच्या कडेने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी जाते आणि तिथे डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या शाखांना मिळते. प्रत्येक चेहऱ्यावर ही वाट थोडी वेगळी असते. डॉक्टरांनी रेघ दोनदा पुसली, ती म्हणूनच. दट्ट्यावर जोर पडला तर जेल या वाटेने प्रवाहाच्या उलट दिशेनेही सरकू शकते. त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळीदार जांभळी होते आणि शेवटी काळी पडून मरते. जेल डोळ्यापर्यंत गेले तर दृष्टी जाते आणि ती सहसा परत येत नाही.

(दृश्य : दवाखान्यातील फ्रिज, छोटी बाटली.)

या बाटलीत हायलुरोनिडेज आहे. फिलर देणाऱ्या जाणकार डॉक्टरांकडे ते हाताशी असावेच लागते, कारण ते वेळेत टोचले तर अडकलेले जेल विरघळू लागते. मात्र ते केवळ हायलुरोनिक ॲसिडच विरघळवते, सिलिकॉनवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. आणि पार्सलमधून आलेल्या या सिरिंजमध्ये नेमके काय भरले आहे, हे डॉक्टरांनी ती दिव्यासमोर धरून पाहिली तरी ओळखता आले नाही.