टिल्घमन बेटावरच्या शिडाच्या बोटी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड राज्यात चॉपटँक नदी चेसापीक उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी हे टिल्घमन बेट. नॅप्स नॅरोजवरचा उचलपूल ओलांडला की बेट लागतं आणि थोडं पुढे गेलं की डॉगवुड हार्बर. बंदर तसं लहानसंच. पण शिडाच्या जोरावर कालवं (ऑयस्टर, म्हणजे खायचे शिंपले) काढून पोट भरणाऱ्या बोटी जगात जवळपास सगळीकडे संपल्या, तरी इथे त्या टिकून राहिल्या. त्या हौसेनं टिकल्या नाहीत, कायद्यानं टिकल्या.

उत्तरेकडच्या बोटींनी आपल्याकडची कालवं संपवली आणि त्या इकडे वळल्या. त्यांच्याकडे ड्रेज होतं. लोखंडी चौकट, तिला दात आणि मागे साखळ्यांची पिशवी. तळावरून ओढत नेलं की समोर येईल ते खरवडून पिशवीत. मेरीलँडनं १८२० मध्ये ड्रेजवर बंदी घातली. १८६५ मध्ये परवान्यानं मुभा दिली, पण अट एकच: बोट शिडावर चालली पाहिजे, वाफेवर नाही. वारा पडला की काम बंद, तेवढीच तळाला उसंत.

तरीही लूट थांबली नाही. लांब दांड्यांच्या चिमट्यांनी कालवं काढणारे स्थानिक आणि ड्रेजवाले यांच्यात गोळीबार होऊ लागले. १८६८ मध्ये राज्याला त्यासाठी खास जलपोलीस दल उभारावं लागलं. लोक त्याला ‘ऑयस्टर नेव्ही’, म्हणजे कालवांचं आरमार, म्हणत. १८८४-८५ च्या हंगामात मेरीलँडनं सुमारे दीड कोटी बुशेल (टोपलीभराचं एक माप) कालवं काढली. तो आकडा पुन्हा कधीच गाठता आला नाही.

माल घटला, तशी स्वस्त बोट हवी झाली. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्किपजॅक आली. इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ, आडव्या फळ्या, साधी सुतारकी. मागे झुकलेली डोलकाठी आणि भलंमोठं शीड, कारण ड्रेज ओढायला ताकद लागते. कड मुद्दाम पाण्यालगत, म्हणजे भरलेलं ड्रेज आत घेणं सोपं जातं.

आता डेकवर बघा. तांडेल ड्रेजच्या दोरावर हात ठेवून उभा आहे. दोर खडखडला तर खाली कालवं आहेत, गुळगुळीत सरकला तर नुसता चिखल. ढीग डेकवर पडला की खलाशी गुडघ्यांवर बसतात. तीन इंचांहून लहान कालवं आणि रिकामे शिंपले परत पाण्यात. हे शिंपले कचरा नाहीत. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग त्याला चिकटायला टणक जागा लागते, आणि जुन्या शिंपल्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. शतकभर हे शिंपले रस्त्यांसाठी आणि चुन्यासाठी नेले गेले. आमच्या मते खरं नुकसान तिथे झालं.

विसाव्या शतकाच्या मध्यात डर्मो आणि एमएसएक्स हे कालवांचे रोग आले. १९६७ मध्ये कायदा सैल झाला: आठवड्यातले दोन दिवस मागच्या छोट्या इंजिनबोटीनं ढकलत ड्रेज ओढायला परवानगी मिळाली. साहजिकच बहुतेक माल त्याच दोन दिवसांत येऊ लागला. १८८६ मध्ये बांधलेली ‘रिबेका टी. रुआर्क’ ही शिडाची बोट नोव्हेंबर १९९९ च्या वादळात बेटाजवळ बुडाली. ती वर काढून दुरुस्त केली गेली आणि पुढे राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा ठरली.

बेटाच्या पूर्वेला हॅरिस क्रीक ही खाडी आहे. २०१० पासून ती राखीव आहे, तिथे कालवं काढता येत नाहीत. सुमारे ३५० एकर तळावर दोन अब्जांहून जास्त पिल्लं सोडली गेली. आपल्याच दारातला तळ बंद झाल्याचं इथल्या कोळ्यांना बोचतं, आणि ते खोटं नाही. पण तळ मोकळा सोडल्याशिवाय कालवं परत येणार नाहीत, हेही तितकंच खरं.